सातबाऱ्याबाहेरचा दुष्काळ

मराठी समीक्षेने साहित्याची जी वाटणी करून ठेवली आहे, तीत दुष्काळ ग्रामीण साहित्याच्या वाट्याला गेला आणि जात दलित साहित्याच्या. पाऊस, पेरणी, बैल, करपलेले पीक हे ग्रामीण लेखकाचे विषय. अस्पृश्यता, भूक, अपमान आणि विद्रोह हे दलित लेखकाचे. ही वाटणी अभ्यासक्रमाला सोयीची आहे, चर्चासत्रांना सोयीची आहे. परंतु महारवाड्यात आणि मांगवाड्यात दुष्काळ पडत नव्हता काय, हा साधा प्रश्न तिला विचारला की ती उभी राहत नाही. दुष्काळात सर्वांत आधी ज्याची चूल विझते, त्याचा दुष्काळ आपल्या समीक्षेने 'भूक' या खात्यात टाकला. ज्याच्या घरात निदान पुढच्या हंगामाचे बियाणे शिल्लक असते, त्याचा तेवढा 'दुष्काळ' ठरला.

माझे म्हणणे असे की, ही वाङ्मयीन वाटणी एकटी नाही. शासनाच्या कागदांतही ती जशीच्या तशी आढळते. तेथे दुष्काळ शेतकऱ्यावर येतो आणि शेतकरी म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. नुकसान पिकाचे होते, भरपाई हेक्टरी मिळते. शेतात राबणाऱ्याच्या नावावर हेक्टर नाही, म्हणून त्याचे नुकसानही नाही. म्हणूनच या लेखात दुष्काळाविषयीचे ललित लेखन आणि दुष्काळाच्या तयारीविषयीचे सरकारी लेखन ही दोन्ही मी शेजारी ठेवून वाचणार आहे. दोघांना कसोटी एकच लावायची: पाऊस गेला म्हणजे नक्की कुणाचे काय जाते, याचा हिशेब या लेखनात पुरा मांडला आहे काय?

प्रथम ललित लेखन. हरिभाऊ आपट्यांच्या 'काळ तर मोठा कठीण आला' या दीर्घकथेने दुष्काळात सापडलेल्या शेतकरी कुटुंबाला मराठी कथेत आणले, हे तिचे ऐतिहासिक मोल मान्य केले पाहिजे. पुण्याच्या मध्यमवर्गीय वाचकाला गावाकडच्या उपासमारीची जाणीव करून देणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. परंतु त्या शीर्षकातच एक दृष्टी आहे. काळ कठीण येतो, म्हणजे तो बाहेरून येतो, कुणी तो आणत नाही. ही दृष्टी पुढे मराठी लेखनात दीर्घकाळ टिकून राहिली. १९५५ सालच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त ती अधिक संयमी, अधिक कलात्मक रूपात येते. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, धनगर जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. माणदेशाचे इतके नेमके चित्र मराठीत दुर्मीळ आहे. या कादंबरीचे मोठेपण मी नाकारीत नाही. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती समीक्षकांनी सोडून दिली आहे. त्या वाडीत पावसावर ज्याची मिळकत अवलंबून नाही, असा माणूस म्हणजे मास्तर. पाऊस पडो वा न पडो, त्याचा पगार ठरलेला आहे. वाडीतल्या सर्वांचे आयुष्य आभाळाला बांधलेले असताना हा एकटा मोकळा आहे. म्हणूनच तो दुष्काळ पाहू शकतो आणि सांगू शकतो. दुष्काळाला तोंड देण्याची तयारी म्हणजे काय, याचे उत्तर त्या कादंबरीत असे नकळत पडून आहे. ज्या घरात पावसाशी संबंध नसलेली मिळकत येते, ते घर दुष्काळात तरते.

हे उत्तर एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने त्याआधी कितीतरी वर्षे स्पष्ट शब्दांत मांडले होते. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे त्या वेळचे पंडित म्हणत होते. बाबासाहेबांनी तो प्रश्न उलटा केला. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे, त्यांच्या हातांना वर्षभर काम नाही, आणि जोवर ही माणसे उद्योगधंद्यांत सामावली जात नाहीत तोवर शेतीचा रोग बरा होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. या निबंधात दुष्काळ हा मुख्य विषय नाही. तरीही दुष्काळाच्या तयारीचा विचार करणाऱ्याने त्यातूनच आरंभ केला पाहिजे. कारण दुष्काळ ज्यांना मारतो, ती हीच रिकाम्या हातांची माणसे.

आता त्याच माणदेशातला दुसरा लेखक घेऊ. शंकरराव खरात आटपाडीचे, तराळाच्या घरात जन्मलेले. माडगूळकरांचे माडगूळेही त्याच आटपाडीच्या परिसरातले. पाऊस दोघांच्या गावांवर सारखाच रुसलेला. पण खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) वाचताना आपण वेगळ्या दुष्काळात उतरतो. तराळाच्या घराला पेरणी नाही, म्हणून पीक करपण्याचे दुःखही नाही. त्या घराची उपजीविका गावाने दिलेल्या भाकरीवर आणि बलुत्यावर. गावाच्या कणगीत दाणा कमी झाला की पहिली कपात या भाकरीत होते. आपल्या आत्मकथनांतून मेलेल्या ढोराचे प्रसंग वारंवार येतात आणि प्रस्थापित वाचक ते किळसेने किंवा करुणेने वाचतो. त्या प्रसंगांतले अर्थशास्त्र त्याला दिसत नाही. दुष्काळात चारा संपतो आणि जनावरे मरू लागतात. कुणब्याच्या दृष्टीने ती हानी असते. महारवाड्यात मात्र त्याच दिवशी चूल पेटते. ज्या व्यवस्थेत एकाची हानी हेच दुसऱ्याचे अन्न ठरते, ती व्यवस्था समजून न घेता दुष्काळावर लिहिणे म्हणजे अर्ध्या गावाविषयी लिहिणे होय.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे सोडा असे सांगितले आणि शेतीकडे वळण्याचा विचार मांडला. त्या उपदेशाकडे आपण स्वाभिमानाची हाक म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातली जोखीम किती मोठी होती, हेही ध्यानात घ्यावे. गावाने महारवाड्याला दुष्काळात जगण्याचे जे एकमेव साधन ठेवले होते, तेच सोडायला बाबासाहेब सांगत होते. माणसांनी ते सोडले. उपाशी राहून सोडले. त्याच वेळी चवदार तळ्यावर जाऊन त्यांनी पाण्यावर हक्क सांगितला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाडच्या तळ्याविषयीचा दावा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला. भर पावसाळ्यात तळे काठोकाठ भरलेले असतानाही ज्याला ओंजळभर पाणी मिळत नव्हते, त्याच्या घरी बारमाही दुष्काळ होता. पर्जन्यमापकाने तो मोजता येण्याजोगा नव्हता.

बलुतेपद्धती ही जुन्या गावाची विमा योजनाच होती, असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. सुगीत वाटा, अडचणीत आधार, असे गोड चित्र ते रंगवतात. या चित्राची तपासणी केली पाहिजे. विम्यात हप्ता भरणारा एक असतो आणि नुकसानीच्या दिवशी भरपाई त्यालाच मिळते. बलुत्यात हप्ता श्रमाने भरायचा. सांगावा न्या, गस्त घाला, ढोरे ओढा, वेशी झाडा. पाऊस गेला म्हणून यांतले एकही काम कमी होत नसे. दुष्काळात ढोरे ओढण्याचे काम तर वाढत असे. मात्र पीक बुडाले की बलुते बुडे. म्हणजे हप्ता चालू आणि भरपाई बंद. वरच्याची जोखीम खालच्याच्या अंगावर ढकलण्याची ही पद्धत होती. तिला विमा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव दिले, तेव्हा त्यांनी या एका शब्दावर चढलेली सारी गोडी उतरवली.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'चे (१९५९) वाचनही या दृष्टीने नव्याने झाले पाहिजे. समीक्षक त्या कादंबरीला वीररसाची, रोमहर्षक, क्वचित अतिरंजित म्हणतात. फकिरा धान्याचे साठे फोडतो आणि उपाशी माणसांत वाटतो, हा तिचा कणा आहे. या घटनेचा अर्थ काय? मुलखात माणसे अन्नावाचून मरत आहेत आणि त्याच मुलखात वाड्यांतून धान्य भरलेले आहे. धान्याची वाण नव्हती. धान्यावर हक्क नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळ-उपासमारीवरील आपल्या ग्रंथात हाच विचार सिद्धांताच्या रूपाने मांडला. अन्न पुरेसे असूनही ते मिळवण्याचा अधिकार ज्यांच्या हातून निसटतो ती माणसे मरतात, आणि त्यांत शेतमजुराची पाळी आधी येते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. अण्णा भाऊंना हे आकडे ठाऊक नव्हते. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या माणसाला त्यांची गरज नव्हती. जगाने ज्याला अर्थशास्त्र म्हणून मान दिला, त्याला मराठी समीक्षेने रंजकता म्हणावे, हे आपल्या समीक्षेच्या मर्यादेचे उदाहरण आहे.

यानंतर बहात्तरचा दुष्काळ. १९७० पासून सलग पाऊस तुटत गेला आणि १९७२ साली महाराष्ट्र कोरडा पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या गणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती, म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस खडी फोडत होता किंवा माती वाहत होता. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या वर्षाने मराठीला दिले. माझी आई त्या ५० लाखांतली एक. पाझर तलावाच्या भरावावर तिने पाट्या टाकल्या. हजेरीपटावर अंगठा, खड्ड्याचे माप, आठवड्याने पगार. तो तलाव आजही आहे. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना फाल्गुनापर्यंत पाणी टिकते. त्या विहिरींपैकी एकही आमच्या वाड्यातल्या माणसाची नाही, कारण तलावाखालच्या जमिनीत आमची जमीन नव्हती. आईने त्या तलावातून काय मिळवले, तर त्या उन्हाळ्याची मजुरी. ज्यांची जमीन खाली होती, त्यांना पुढच्या सर्व उन्हाळ्यांचे पाणी मिळाले.

हा एकट्या माझ्या आईचा अनुभव नाही. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या मजूरबाईवर जी कविता लिहिली, ती गाणे होऊन महाराष्ट्रभर गेली. जी बाई धरण बांधते तीच पाण्याला पारखी होते, हा तिचा आशय आहे. सभांतून ती ऐकताना श्रोते हळहळतात. ती हळहळ त्या कवितेला पुरेशी नाही. त्या कवितेत पाटबंधाऱ्यांच्या संबंध धोरणावर एक आक्षेप आहे: सार्वजनिक पैशाने आणि भूमिहीनांच्या श्रमाने जी मालमत्ता उभी राहते, तिच्यावर हक्क मात्र जमीनदाराचा ठरतो. त्या आक्षेपाचे उत्तर अजून कुठल्याही सरकारने दिलेले नाही.

रोजगार हमीचे मोठेपण मात्र निःसंशय मान्य केले पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना बहात्तरच्या दुष्काळातून घडत गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा अधिकार कायद्याने देणारी ही योजना २००५ सालच्या केंद्रीय कायद्याची पूर्वज ठरली. दुष्काळाच्या तयारीच्या दृष्टीने विचार केला तर, भूमिहीनाला उद्देशून राज्याने केलेली एवढीच एक मोठी तरतूद. इतर सर्व तरतुदी जमिनीच्या. १८७७ साली सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली होती आणि त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली होती. त्या उपाशी संपापासून १९७७ च्या कायद्यापर्यंत बरोबर १०० वर्षे गेली. सरकारने दिलेले दान आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत किती अंतर असते, हे त्यावरून समजावे.

आता सरकारी लेखन पाहू. दुष्काळ जाहीर करण्याची जुनी रीत आणेवारीची, पुढे पैसेवारीची. पीक ५० पैशांच्या आत आले तर टंचाई. म्हणजे पीक काढणीला येईपर्यंत थांबायचे, मग ते किती बुडाले याचा अंदाज करायचा. मजुराची उपासमार तर पेरणी लांबली त्याच आठवड्यात सुरू झालेली असते. २०१६ साली केंद्राने नवी दुष्काळ संहिता काढली. पर्जन्य, जमिनीतील ओल, वनस्पतींची स्थिती, जलाशय आणि भूजल असे निर्देशांक तीत आले. या निकषांवर महाराष्ट्राने २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पद्धत शास्त्रीय झाली, हे चांगले झाले. उपग्रहाला आता पिकाचा हिरवेपणा दिसतो. पण गावात निंदणीचे काम किती दिवस मिळाले आणि किती दिवस बुडाले, हे दाखवणारा निर्देशांक तालुका ठरवताना मोजला जात नाही.

जिल्हावार आकस्मिक पीक आराखडे असतात. ते मी लक्षपूर्वक वाचले आहेत आणि शेतीच्या दृष्टीने त्यांत शहाणपण आहे. पाऊस काही आठवडे लांबला तर मूग-उडीद सोडा, बाजरी, तूर, सूर्यफूल घ्या, कमी दिवसांत येणारे वाण निवडा, आंतरपीक घ्या, दोन ओळींत सरी काढून ओल धरा, विरळणी करा. कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला वेळेवर मिळालाच पाहिजे. परंतु पीक बदलले की मजुरीही बदलते, याची दखल त्या आराखड्यांत सापडत नाही. कापसाच्या वेचणीवर एक बाई दोन-तीन महिने काढते. मुगाच्या तोडणीवर तिला आषाढ-श्रावणातली उधारी फेडता येते. मूग पेरलाच नाही, तर शेतकऱ्यापाशी निदान पर्यायी पीक असते. त्या बाईपाशी पर्यायी मजुरी नसते. पिकाचे आकस्मिक नियोजन आहे, पण मजुरीच्या दिवसांचे आकस्मिक नियोजन नाही, हा या सर्व लेखनातला मुख्य दोष होय. एखाद्या कादंबरीत निम्मी पात्रे गाळली तर आपण तिला अपुरी म्हणतो; मग याच आराखड्यांना परिपूर्ण का म्हणावे?

विम्याचेही तेच. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आली. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का असा शेतकऱ्याचा हप्ता ठरला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद केली. या उलाढालीवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. त्या चर्चेत वाटेकऱ्याचा आणि बटाईदाराचा उल्लेख क्वचित झाला. कागदावर त्यांना विमा घेता येतो. पण मालक करार लिहून देत नाही, कारण लिहिले तर हक्क निर्माण होईल अशी त्याला भीती असते. मजुराला तर विम्यात स्थानच नाही. पीक बुडाले की पिकाची भरपाई मिळते. ते पीक कापायची जी मजुरी बुडाली, तिची भरपाई कुठल्याही रकान्यात नाही. मरणालाही सातबारा लागतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे राज्याने ठरवले, तेव्हा जमीन नावावर किंवा कुटुंबाच्या नावावर असण्याची अट घातली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर कविता झाल्या, चित्रपट निघाले, आणि ते योग्यच आहे. त्याहून मोठ्या असलेल्या दुसऱ्या आकड्याला साहित्यात अजून नावही मिळालेले नाही.

आणि पाणी कुठे जाते? महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा साधारण दोन तृतीयांश भाग तो पितो, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. बीड, जालना, धाराशिव अशा कोरड्या मुलखांतून दरवर्षी लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्या पिकाने पाण्याची वाटणी बिघडवली, तेच पीक तोडायला दुष्काळाने उठवलेला माणूस जातो. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही तो जातो, कारण गेल्या वर्षीची उचल फिटलेली नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते चित्र देशभर छापून आले. पाणी रेल्वेने आणता येते. पण उचल घेऊन गेलेल्या माणसाला त्याचे वर्ष परत आणून देणारी रेल्वे नाही.

मग उपाय काय? समीक्षेने उपाय सुचवू नयेत, असा एक संकेत आहे. तो मी मानीत नाही. आपल्या परंपरेत विचार आणि उपाय एकमेकांपासून कधी वेगळे नव्हते. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला, तेव्हा १८७६-७८ चा दुष्काळ ताजा होता. त्यांनी भटशाहीवर आणि नोकरशाहीवर आसूड ओढला, आणि त्याच ग्रंथात रिकाम्या वेळात सैनिक व पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, अशी योजनाही सांगितली. आज ज्याला पाणलोट विकास म्हणतात, त्याचा आराखडा तेथे आहे. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना नदीखोऱ्यांच्या योजनांचा पाया घातला. १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातिभेद न पाळता गावकऱ्यांना कसायला द्यावी, पाणी-बियाणे-अवजारांचा खर्च राज्याने उचलावा आणि विमा राज्याच्या हाती असावा अशी मागणी केली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये, हा त्या रचनेचा हेतू. दुष्काळाची जोखीम सगळ्यांत सारखी वाटण्याची याहून पुरी योजना आपल्याकडे मांडली गेली असेल, असे मला वाटत नाही.

हे स्वप्नरंजन होते, असे म्हणणाऱ्यांना पुरंदर तालुक्यातल्या नायगावकडे पाहता येईल. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पुढे सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या चळवळीतून बळीराजा धरण उभे राहिले, तेथेही भूमिहीनाचा वाटा धरला गेला. म्हणजे हे होऊ शकते. मात्र राज्याने कायदा करताना हे तत्त्व घेतले नाही. २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा आला, त्यात पाणी वापर संस्थेचा सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक हाच राहिला. २०१४ नंतरच्या मोहिमेला 'जलयुक्त शिवार' हे नाव मिळाले. शिवार जलयुक्त करायचे ठरले; वस्तीचे काय, हा प्रश्न त्या नावाबाहेर राहिला. त्या मोहिमेच्या फलितावर २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने आक्षेप घेतले, हे सर्वश्रुत आहे.

जमिनीचा प्रश्न तर टळतच नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मराठवाड्यात गायरानावर नांगर धरणाऱ्यांना मारहाण झाली, त्यांची पिके उपटली गेली; १९९१ च्या नोव्हेंबरात शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला, तरी सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी माणसे तहसिलाच्या पायऱ्या झिजवीत राहिली. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे जेमतेम ९ टक्के. २०११ च्या गणनेत त्यांची लोकसंख्या साडेसोळा टक्क्यांहून अधिक. गायरानाचा तुकडा बहुधा माळाचा, मुरमाड, पाण्यापासून दूर. पण तो नावावर झाला की त्याच्यावर ताल घालता येते, शेततळे मागता येते, विमा उतरवता येतो, कर्ज काढता येते. नावावर नसेल तर दुष्काळाच्या तयारीची एकही योजना त्या तुकड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गायरानाची लढाई आणि दुष्काळाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी मानीत नाही.

यातून मागण्या सरळ निघतात. आकस्मिक आराखड्यात पिकाबरोबर मजुरीच्या दिवसांचाही हिशेब धरावा. पेरणी लांबली की पैसेवारीची वाट न पाहता त्याच पंधरवड्यात गावात काम सुरू व्हावे. त्या कामातली पहिली ताल, पहिली विहीर गायरानधारकाच्या आणि दलित शेतकऱ्याच्या तुकड्यावर असावी. सार्वजनिक पैशाने अडवलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा वाटा कायद्याने लिहावा. टँकर गावच्या ज्या विहिरीत ओतला जातो, तिच्यावर पहिला पोहरा कुणाचा पडतो, याची नोंद ठेवावी. बुडालेल्या मजुरीला बुडालेल्या पिकाइतकेच नुकसान मानावे.

आणि आपल्या लेखकांना एक विनंती. आपण भूक लिहिली, अपमान लिहिला, तो लिहिण्याचा आपला हक्क कुणी हिरावू शकत नाही. पण शिवार आपले नव्हते, म्हणून शिवाराचे लेखन आपण दुसऱ्यांच्या हाती सोडले. त्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे आपली आहेत. कोणत्या नक्षत्रात निंदणी लागते, कुठल्या विहिरीचा झरा कधी आटतो, कुठल्या भरावाखाली कुणाचे हात गेले, हे त्यांना ठाऊक आहे. १८७७ सालचे संपकरी मजूर, १९७३ सालच्या खडीवरच्या बाया, गायरानावर पहिली पाभर चालवणारी माणसे ही आपल्या कादंबरीची पात्रे आहेत. बैल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतले पाणी मराठी साहित्याने पाहिले. त्याच दिवशी त्याच्या शेतातले काम संपल्याने चुलीपाशी बसून राहिलेली मजूरबाई त्याने पाहिली नाही. ही दोन्ही माणसे एका पानावर आली, तर ग्रामीण आणि दलित ही वाटणी आपोआप मोडेल. शेतकऱ्यालाही त्यातूनच कळेल की, आभाळाकडे पाहून जे मागायचे त्याहून जास्त खाली, माणसांकडे पाहून वाटून घ्यायचे आहे.